आबांच्या मांडीतली पट्टी

प्रिय श्रद्धा,

आबांच्या मांडीचं हाड मोडलं आणि आत स्टीलची पट्टी बसवली, हे तुझ्या प्रीतीवहिनीने तुला फोनवर सांगितलंच. पुढचं मी लिहितोय, कारण माझं डोकं चक्रावलंय. डॉक्टर म्हणतात, हाड जुळायला पायावर थोडा भार हवाच. पण जुळेपर्यंत तो सगळा भार पट्टीवर, आणि फार चालले तर तीच तुटायची. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

लॅबमध्ये माझं कामच हे. धातू दर वेळी किती ताणला जातो आणि किती वेळा, यावरून तो कधी तुटेल ते काढायचं. बसलो गणित मांडून. एका सूत्राने पट्टी कित्येक वर्षं टिकते, दुसऱ्याने दिवाळीही बघत नाही. दोन्ही सूत्रं पुस्तकातली. निदान पावलं तरी नीट मोजावीत म्हणून आबांच्या मनगटाला तो मोजणारा पट्टा बांधला. तर दुपारी आबा खुर्चीत आणि पट्ट्यावर हजारो पावलं! मी घाबरलोच. प्रीती हसत सुटली. आबा त्याच हाताने बाळाच्या पाळण्याची दोरी ओढत असतात. तुझा भाचा, तू अजून न पाहिलेला, त्याशिवाय झोपत नाही.

संध्याकाळी उलटाच प्रकार. पट्टा खुंटीवर, त्यावर दुपारनंतर एकही पाऊल वाढलेलं नाही, आणि वॉकरच्या पायांना चिखल. विचारलं तर म्हणतात, अंगणात होतो. आपल्या बुवापाड्याच्या खोलीला अंगण कुठून आलं?

काल गुपचूप मागे गेलो. थांबत थांबत ते रिक्षा स्टँडपर्यंत गेले. वाटलं, तंबाखूसाठी असेल. टपरीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. येणाऱ्या प्रत्येक शेअर रिक्षात वाकून बघत होते. मी दिसलो तसे ओशाळले.

"ह्या उल्हासनगरवरूनच येतात ना रे?" एवढंच म्हणाले.

दिपेशशी लग्न करून तू तिकडे गेलीस, तेव्हापासून त्यांनी घरात तुझं नाव काढलेलं नाही. कालही काढलं नाही. मी रागवायला गेलो होतो, पण पुढची रिक्षा आली तेव्हा मीही आत वाकून बघितलं.

पट्टी टिकेल की नाही, मला खरंच सांगता येत नाही, श्रद्धा. त्यांच्या या फेऱ्या मला थांबवता येणार नाहीत, तुलाच येतील, म्हणून हे पत्र. रविवारी दिपेशला घेऊन ये. आणि स्टँडवर उतरू नका, रिक्षा दारापर्यंत आणा.

तुझी वाट बघणाऱ्यांपैकी एक,
तुझाच,
सुयोगदादा