टॅनचा आलेख मी काढला होता, दादा

प्रिय दादा,

काल घोडेगावला तुझी शोकसभा झाली. तिथून आल्यापासून डोकं भणाणलंय. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मग कुणावर रागवू?

"सरांनी प्रिंटरला गणित शिकवलं," तुझे प्राचार्य माइकवर म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. तू शिकवलंस?

प्रश्नपत्रिकेतले आलेख तू हातानं काढायचास आणि मी नारायणगावच्या माझ्या डीटीपीच्या दुकानात ते चिकटवायचे. वाकडे यायचे. म्हणून मी पोस्टस्क्रिप्ट शिकले, प्रिंटरला पान कसं काढायचं ते सांगणारी भाषा. तिला साइन, कोसाइन येत होतं, टॅन नाही. ते मी एका फाइलमध्ये लिहिलं! साइनला कोसाइननं भागायचं, एवढंच. पण नव्वद अंशांवर भाजक शून्य, की प्रिंटर अडायचा, पान कोरं. चार दिवस तिथंच अडले होते. नव्वदच्या अलीकडं रेघ तोडून पलीकडं नवी सुरू करायची, हे सुचलं तेव्हा पहिला फोन तुला केला. "लई भारी, सुमे!" म्हणालास.

आणि ओझरच्या शिक्षकांच्या शिबिरात ती फाइल वर तुझं नाव घालून वाटलीस तेव्हा? "हे कुणी केलं, सर?" असं विचारल्यावर म्हणालास, "मीच. ही बहीण, टायपिंग करती."

का रे? माझं नाव एवढं जड झालं? मीही गप्प बसले, त्याचा राग वेगळाच.

काल सभेत गणिताच्या एक तरुण मॅडम उठल्या. "सरांच्या फाइलमधी सेकंटचा आलेख घालायचा व्हता. आता कुणाला इचारायचं?"

मी उभी राहिले. "मला विचारा. ती फाइल माझी आहे."

वहिनीनं हात ओढला. "वन्सं, आज न्हाई."

"मग कधी, वहिनी?"

वहिनीनं हात सोडला. खाली बघत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्यांनी मला घरात सांगितलं व्हतं. समदं वन्संनीच केलंय म्हणून."

घरात! दार लावून तुला खरं बोलता येत होतं, दादा! याचं समाधान मानू? मला तर जास्तच चीड आली. मग वहिनीच्या गळ्यात पडून रडलेसुद्धा.

त्या मॅडम उद्या दुकानात येणार आहेत. सेकंट आम्ही दोघी लिहू. फाइलच्या पहिल्या ओळीतलं तुझं नाव मी खोडणार आणि माझं घालणार. खाली लिहीन, 'कोणते आलेख हवेत ते सरांनी सांगितलं.' तेवढं तुझं आहे. ते कुणाला पुसू देणार नाही, हा माझा शब्द.

तुझ्यावर अजून रागावलेली,
सुमन