झुंबरबाईचे तीन गुरुवार

मी कौशल्याबाई जौजे कै. विठोबा मोकाशी, वय वर्षे अडुसष्ट, मुलींच्या शाळेतून निवृत्त शिक्षिका, राहणार मेहकर, जिल्हा बुलढाणा, प्रांत मध्यप्रांत व वऱ्हाड, कोणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे, तर राजीखुशीने हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवते. अक्कल ठिकाणावर आहे. स्वभावाची हमी देत नाही.

कलम १. राहते घर माझ्या पगारातून घेतलेले आहे. ते येथील भगिनी मंडळास द्यावे. एकट्या म्हाताऱ्यांच्या भेटीला जाणाऱ्या बायांनी ते वापरावे. पुतण्या वैजनाथ मलकापुरास असतो. सहा वर्षांत एकदा आला, तोही भिंती ठोकून पाहून गेला. त्यास काही नाही.

कलम २. माझी बोरमाळ मंडळाच्या शरयू देव हिला द्यावी. ती दर गुरुवारी येते. माझ्याकडे तासभर बसे, मग गल्लीच्या टोकाला झुंबरबाईकडे दोन तास. झुंबरबाई निरक्षर शेतकरीण, माझ्यासारखीच एकटी, गुडघ्यांनी अधू. तिथले हसणे माझ्या ओट्यापर्यंत येई. माझ्याकडे शरयू कधी तशी हसली नाही. वर्गात मुली माझ्यापुढे चूप बसत, याचा मला बत्तीस वर्षे अभिमान होता. आता जीव जळू लागला.

कलम ३. गेल्या आषाढात मी शरयूला सांगितले, "झुंबरबाई लेकीकडे नांदुऱ्याला गेल्या. पोळ्यापर्यंत येत नाहीत." तीन गुरुवार ती तीन-तीन तास माझीच होती. मग झुंबरबाई भिजत, काठी टेकत दारात आली.

"मास्तरीणबाई, शरयू मले इसरली काय वं? माह्या तोंडून काही वावगं गेलं असन, तं तिले सांगा, मी माफी मांगतो."

"पाऊस आहे. येईल," मी म्हणाले.

झुंबरबाई तापाने पडली. चौथ्या गुरुवारी मी शरयूला खरे सांगितले. ती तिकडे धावली आणि आठ दिवस तिच्या उशाशी बसली. झुंबरबाई वाचली. पुढच्या गुरुवारी शरयू माझ्याकडेही आली. मी विचारले, "तिला सांगितलंस?"

"नाही. ते तुम्हीच सांगायचं."

मला जमले नाही. म्हणून झुंबरबाईस तिच्या हयातीपर्यंत या घराची दर्शनी खोली द्यावी. येणाऱ्या बाईने आधी तिला भेटावे.

एवढे लिहून वाटले, मेल्यावर सांगणे हा पळपुटेपणा. काल झुंबरबाईला बोलावून हे कलम वाचून दाखवले.

"तीन गुरुवार," ती म्हणाली. "नऊ तास झाले वं. काय काय बोलली ते तुमच्यासंगं? सारं सांगा मले. काही ठेवू नका."

सांगता सांगता दिवस गेला. म्हणून सही आज करते.

सही : कौशल्याबाई मोकाशी
साक्षीदार : १. रामराव किसनराव लहाने, सही
२. कडूबा सखाराम इंगळे, अंगठा
मुक्काम मेहकर, तारीख ११ फेब्रुवारी १९३८