मिस पापणीचा रेडिओ

३ फेब्रुवारी

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं. खाली वहिनीने बारीक अक्षरात घुसडलंय की बॉयलरच्या धडधडाटात तुझा उरलेला उजवा कानही आता सुट्टीवर चाललाय. म्हणजे यापुढे आपली सगळी खुशाली पोस्टातूनच. बरंच आहे. फोनवर तुझ्याशी ओरडून बोलले की घरमालकीण जिन्यात येऊन उभी राहते आणि कुणाशी भांडण झालं विचारते.

आता बातमी. माझा स्वतःचा कार्यक्रम बसतोय! इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नाटकांत ट्रे घेऊन आत येणारी आणि ट्रे घेऊन बाहेर जाणारी बाई केली. आता दीड तास रंगमंचावर मी, माझा ड्रमवाला आणि एक रेडिओ, बस. माझं पात्र म्हणजे साठ वर्षांपूर्वीची रेडिओवरची गायिका. निळा चमचमता गाऊन, कोपरापर्यंत हातमोजे, डोक्यावर एवढा उंच केसांचा टोप की दारातून वाकून यावं लागतं, आणि बोटभर लांब खोट्या पापण्या. नाव ठेवलंय मिस पापणी. लहानपणी घाबरले की मी फडफड पापण्या मारायचे म्हणून तू मला हे नाव पाडलंस, तेव्हा कार्यक्रमाच्या जन्मदात्यांत तुझाही नंबर आहे. मानधन मागू नकोस.

गंमत अशी की मिस पापणी गोड गोड गाणी म्हणते आणि रेडिओ मोठा झाला की तिला मार बसतो. कधी फळी डोक्यात पडते, कधी दार तोंडावर आपटतं, कधी खुर्ची पाठीत बसते. पण बाई गाणं सोडत नाही आणि हसूही सोडत नाही. मार अर्थातच खोटा. मी मान झटकते आणि नेमक्या त्याच क्षणी ड्रमवाला थाप देतो. प्रेक्षकांना वाटतं हाडच मोडलं. या ड्रमवाल्याला सगळे ठोक्या म्हणतात. तालमीत आमचे ध्वनीवाले, दिवेवाले हसून हसून जमिनीवर लोळले.

गाणी आम्हीच रचली, पण चाली जुन्या वळणाच्या. रेडिओ मात्र खराखुरा आहे. भंगारवाल्याकडे मिळाला. आपल्या घरी आहे तसाच, लाकडी, पुढे जाळीचं कापड आणि उजवीकडे आवाजाचं मोठं बटण.

आई बरी आहे. मनगटाला प्लास्टर घातलंय. न्हाणीघरात पाय घसरला म्हणाली.

लोभ आहे तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
पापणी


११ फेब्रुवारी

चि. पापणीस,
अनेक आशीर्वाद.

न्हाणीघर! त्या न्हाणीघराने आजवर आईचा एक दात पाडला, दोन बरगड्या मोडल्या, आणि मी दहा वर्षांचा असताना माझा डावा कान फोडला. इतकं मारकं न्हाणीघर जगाच्या पाठीवर दुसरं नसेल. त्याला पोलिसांनी केव्हाच बेड्या घालायला हव्या होत्या.

तू पत्रात हसतेस, पण मला तुझ्या मिस पापणीचं वर्णन वाचताना डोक्यात सणक गेली. भर जेवणात ताट सरकवून उठलो. तुझी वहिनी घाबरली. अगं, तू ओळखलं नाहीस का कोण आहे ती? रेडिओ मोठा झाला की मार. आपला बाप, तो म्हातारा, हात उगारायच्या आधी काय करायचा? उठायचा, शांतपणे बटण पिळायचा, आणि मग बाह्या सरसावायचा. गाण्याच्या आवाजात किंकाळी बुडून जायची. शेजारी आपल्याला गाणारं घर म्हणायचे. किती हौशी कुटुंब, म्हणायचे! आणि ती हसत हसत दारात जाऊन त्यांची वाटी परत करायची, ओठ सुजलेला असताना.

ती आई आहे, पापणे. आणि तू तिच्या पाठीत खुर्ची घालून लोकांना हसवायला निघालीस.

मला गाणं नीट ऐकू येत नाही हे मी माझं भाग्य समजतो. अजूनही कुठल्या दुकानात त्या काळचं गाणं लागलं की आवाजाआधी मला त्याचा पट्टा दिसतो, आईची वेणी त्याच्या मुठीत दिसते, भिंतीवर आपटलेलं तिचं डोकं दिसतं.

कार्यक्रम कर नाहीतर खड्ड्यात घाल. पण आधी आईला त्या घरातून बाहेर काढ. तुला जमत नसेल तर मी येतो आणि त्या म्हाताऱ्याचे दोन्ही हात कोपरापासून मोडून ठेवतो. पुढचं पुढे.

रागावलो तरी तुझाच,
दादा


१८ फेब्रुवारी

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून तुला आधी मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. मग गाऊन शिवायला घेतला होता तो तोंडावर घेऊन रडले. निळे मणी गालाला चिकटले होते, ते ठोक्याने एकेक करून काढले.

तू म्हणतोस ते खरं आहे, आणि मला ते तुझ्या पत्राच्या थोडं आधी कळलं होतं. मार खाल्ल्यावर मिस पापणी काय करते सांगते. केसांत पिन खोचते, रेडिओपाशी जाते आणि आवाज हळू, हळू, अगदी हळू बारीक करते. याला सर्वांत जास्त हशा. ठोक्या म्हणाला की इतकं सावकाश कशाला, खटकन बंद कर, आणखी हसतील. मी एकदम भडकले. पायातली चप्पल काढून त्याच्या ड्रमवर फेकली. ती हळूच करते, तिला हळूच करावं लागतं, असं काहीतरी ओरडले. आणि ओरडता ओरडता माझीच बोबडी वळली. हे मी कुठून शिकले?

दुसऱ्या दिवशी बाबा औषधाला गेले असताना आईकडे गेले. तिला विचारलं की ते झाल्यावर तू रेडिओ हळूहळू का बारीक करायचीस. बटाटे सोलत होती, एका हाताने, प्लास्टर घातलेल्या हाताच्या बोटांनी बटाटा कसाबसा धरून. मान वर न करता म्हणाली की एकदम बंद केलं की लोकांच्या लक्षात येतं, कुणी विचारायला येतं, हळूहळू केलं की त्यांना वाटतं गाणं संपलं.

गेल्या वर्षी बाबांचा गुडघा गेला तेव्हा मला वाटलं होतं सुटली बिचारी. पण गुडघा गेला आणि काठी आली. हात उलट लांब झाला. मनगट त्याच काठीचं. त्याआधी कपाळाची खोक पडली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की या वयात डोक्यावर असा आणखी एक फटका बसला तर बाई हाती लागणार नाही.

मी आईच्या पाया पडले. माझ्या खोलीवर चल म्हटलं. ती म्हणाली की या वयात घर सोडलं तर लोक काय म्हणतील, आणि त्यांना जेवायला कोण घालेल. दादा, मला त्या बटाट्यांसकट ताट भिंतीवर मारावंसं वाटलं.

म्हणून आता ठरवलंय. पहिल्या प्रयोगाला आईला आणणार. तिला पुढच्या रांगेत बसवणार आणि ती काय करते ते तिलाच दाखवणार. बघून ती उठून गेली तर जाऊ दे. मला कायमची टाकली तरी चालेल. पण एकदा तिने ते बाहेरून बघायला हवं.

तू येऊ नकोस. तू हात मोडशील, तुला आत टाकतील, आणि मग आई तुरुंगात डबा घेऊन जाईल, तुला एक आणि घरी त्यांना एक.

माया पूर्वीइतकीच असू दे.

तुझी,
पापणी


२५ फेब्रुवारी

चि. पापणीस,
अनेक आशीर्वाद.

येत नाही. वहिनीने माझी बॅग कपाटात घालून किल्ली स्वतःच्या गळ्यात अडकवली आहे. तिच्या गळ्याला हात लावायची माझी छाती नाही.

पण एवढं लिहितो. प्रयोगात तुला हवं तेवढं हसव, फक्त मार खाताना तू हसतेस ते हसू खोटं वाटू देऊ नकोस. आईचं कधी खोटं वाटलं नव्हतं. आपण दोघं त्या हसण्यावर विश्वास ठेवून शाळेत जायचो.

रात्री बॉयलरवर असतो तेव्हा मोठा पाना हातात घेऊन बसतो. नटबोल्टचा पाना, दचकू नकोस. हातात धरायला काहीतरी लागतं. प्रयोग झाला की त्याच दिवशी लिही.

तुझा,
दादा


९ मार्च

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

त्याच दिवशी लिहिणं झालं नाही. डाव्या खांद्यावर पट्टी आहे आणि आईच्या कपाळाला टाके आहेत. पण आधी हे वाच की आई माझ्या खोलीत आहे, माझ्या पलंगावर झोपली आहे, श्वास नीट चालू आहे. आता सावकाश वाच.

आई प्लास्टर दाखवायला दवाखान्यात जाते सांगून आली. पुढच्या रांगेत कडेला बसली, मांडीवर पर्स घट्ट धरून. सभागृह खच्चून भरलं होतं. पहिल्या फळीला हशा, दाराला हशा, खुर्चीला तर टाळ्या. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते. आई हसत नव्हती आणि रडतही नव्हती. फक्त मी रेडिओ हळूहळू बारीक केला तेव्हा तिची बोटं पर्सवर तशीच फिरली.

शेवटच्या गाण्याला रेडिओ सगळ्यांत मोठा असतो. मी सूर लावला आणि बाजूच्या पायऱ्यांवरून बाबा वर आले. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने माझं पोस्टर बघून त्यांचं अभिनंदन केलं होतं म्हणे, घरची मंडळी तिकडेच गेली असतील म्हणाला. भला माणूस, त्याला काय माहीत. बाबा मागे उभे राहून किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. त्यांनी आईला ओळखलं होतं, माझ्यात.

काठी माझ्या खांद्यावर बसली. दादा, खऱ्या माराचा आवाज येत नाही. ओल्या गादीवर काहीतरी पडल्यासारखा, बस. पण ठोक्याला वाटलं मी त्याला न सांगता नवीन पाहुणा कलाकार आणलाय. दुसरी काठी आली तेव्हा त्याने सवयीने थाप दिली. अगदी बरोबर तालात. सभागृह हसून कोसळलं. लोक खुर्च्यांवर हात आपटत होते. आणि सगळ्यांत भयंकर काय सांगू? मी गात होते. मी हसत होते. खांदा जळत होता, पापण्या फडफडत होत्या आणि मी पुढची ओळ बरोबर उचलली. तेव्हा कळलं आईला थांबता का येत नव्हतं.

आई वर आली. तिला चढताना बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी मला सोडलं आणि तिच्यावर वळले. काठी कपाळावर लागली, नेमकी जुन्या खोकेवर. रक्त भुवईवरून खाली आलं आणि निळ्या दिव्यात ते काळं दिसलं. पुढच्या रांगेतली एक बाई हसता हसता थांबली. मग तिच्या शेजारचा. मागचे मात्र अजून हसत होते. ठोक्याने ड्रमच्या काठ्या खाली टाकल्या. रेडिओ तेवढा गर्जत होता.

मला वाटलं आई पडणार. मी धावले. पण ती माझ्याही बाजूने पुढे गेली, रेडिओपाशी पोचली आणि बटण पिळलं. हळूहळू नाही, दादा. खटकन.

इतकी शांतता मी कुठल्याच नाट्यगृहात ऐकलेली नाही. आई रक्त न पुसता बाबांकडे वळली. तिने त्यांना सांगितलं की आता मारा. आवाज न चढवता, ताट वाढलंय सांगावं तसं. म्हणाली की रेडिओ बंद आहे, एवढी माणसं बसली आहेत, सगळ्यांना नीट ऐकू येईल, तुम्ही मारा.

बाबांनी काठी उचलली. ती वरच राहिली. त्यांनी रेडिओकडे बघितलं, मग लोकांकडे, मग परत रेडिओकडे. जन्मात कधी त्यांनी शांततेत हात टाकला नव्हता. काठी खाली आली आणि त्यांनी ती टेकली, म्हाताऱ्या माणसाने टेकावी तशी. दिवेवाल्यांनी त्यांना धरून बाहेर नेलं. पोलीस आले. आईने स्वतः जबानी दिली, त्यात न्हाणीघराचा उल्लेख नाही.

लोक बराच वेळ उठले नाहीत. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, आणि मला त्या नकोच होत्या.

तुझा पाना खाली ठेव आता. लोभ दोघींवर असू दे.

तुझी,
पापणी


२८ मार्च

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद. सूनबाईंस आशीर्वाद.

टाके निघाले. मी बरी आहे. हे वाक्य मी तुला आयुष्यभर लिहीत आले, तेव्हा तुझा विश्वास बसणार नाही, म्हणून पापणीला विचारून खात्री करून घे.

पापणीची खोली लहान आहे पण ऊन छान येतं. ती स्वयंपाक वाईट करते. तिचा प्रयोग पुन्हा लागला आहे. ठोक्या रोज माझी माफी मागतो, मी त्याला सांगितलं की तू ताल चुकला नाहीस एवढं बरं. शेवटी रेडिओ बंद करायला मी जाते. पापणीने मला पापण्या लावायचा हट्ट धरला होता, मी साफ नकार दिला.

परवा आपल्या भिंतीपलीकडची शेजारीण बाजारात भेटली. तिच्याकडून तिकडचं कळलं. पोलिसांनी ह्यांना जामिनावर सोडल्यापासून घरात रेडिओ दिवसरात्र पूर्ण आवाजात चालू होता. एकटेच होते आत. मग एके सकाळी आपटण्याचे आवाज आले. ह्यांनी काठीने रेडिओचा चुरा केला. मारायला घरात तेवढंच उरलं होतं. मला वाईट वाटलं. रेडिओचं.

मग तिने माझा हात धरला आणि रडायला लागली. म्हणाली की तिला आधीपासून माहीत होतं. भिंतीपलीकडे सगळ्यांनाच माहीत होतं. रेडिओ मोठा झाला की शेजारणी जिवाचा कान करून ऐकायच्या, आणि हळूहळू बारीक होऊ लागला की म्हणायच्या, चला, जिवंत आहे.

म्हणजे बघ, बाळ. एवढी वर्षं मी तो उगाच हळूहळू बारीक करत होते.

उन्हाळ्यात सूनबाईंना घेऊन ये. तुला ऐकू आलं नाही तरी चालेल, पुढच्या रांगेत बस. मी बटण कसं बंद करते ते बघ.

तुझी,
आई