वाळ्याची ताटी

११ मे, अकोला
आज ४५. कूलर मागच्या खोलीत, गोधडीखाली. देवीदास गेल्यापासून लावलाच नाही. त्यातच पाणी भरताना शॉक लागला होता त्यांना — बुधवारी वर्ष झालं. शेजारीण म्हणाली, "रडून घ्या, ज्योत्स्नाताई." येत नाही रडू. भांडी घासली.

१३ मे
सासूबाईंना चक्कर आली. डॉक्टर चिडले — अठ्ठ्याहत्तरच्या बाईला असं भट्टीत ठेवता! घरी येऊन म्हटलं, आई, नवा कूलर आणू, अर्थिंग नीट करून घेऊ. ओरडल्याच. "आनशीन तं मी या घरात राहनार नाई!" भीती बसली आहे. साहजिक आहे.
मोठे दीर जानराव फोनवर म्हणाले, "जून लागला का आईले भातकुलीले घेऊन जातो. तुमी एकट्या किती दिवस करसान?" बरं म्हटलं. सुटल्यासारखं वाटलं का? तेही नाही.

१६ मे
नत्थुजी ताटीवाले आले. पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याची ताटी बांधली. विजेचं कामच नाही. अर्ध्या अर्ध्या तासाने पाणी मारायचं, ओल्या वाळ्यातून झळ आत येते ती गार होऊन. मी समोरचं दार लावायला गेले तर — "बाई, थे उघडं राहू द्या! हवा बाहीर गेली नाई तं नुसती चिपचिप होते."
खरंच. खोलीत ३९ होतं, तीन वाजता ३२. मी शिकवते त्या शाळेतला थर्मामीटर आणला होता, म्हणून कळलं. सासूबाई दोन तास झोपल्या.

१७ मे
पाणी. पोळ्या. पाणी.

२० मे
दुपारी ताटीवर पाणी मारत होते. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. तशाच बोलल्या.
"त्यानं इचारलं होतं मले. माय, बटन बंद हाय का? म्या हो म्हनलं. उठून पायलं नाई. डोया लागला होता माया."
मी बादली संपवली. दुसरी भरली, तीही संपवली. पदर भिजला, खाली थारोळं झालं, तरी मी हातातला मग हलवतेच आहे — रिकामा!
"काई तं बोल व माय," त्या म्हणाल्या.
"चहा मांडते," म्हटलं. मांडला. दोघींनी घेतला.

२२ मे
जानरावांना फोन केला. आईंना न्यायला येऊ नका, त्या माझ्याजवळच राहतील. "कावून?" म्हणाले.
सांगितलं नाही. कधीच सांगणार नाही.