केलगेरीच्या तळ्याकाठी सुनेचं पळणं

रविवार, संध्याकाळ

सुनेचं केलगेरीच्या तळ्यावर पळायला जाणं मला पटत नव्हतं. काल तीच म्हणाली, "आई, एकदा येऊन बघा. नको म्हणालात तर बंद करते." म्हणून आज सकाळी तिच्या स्कूटरवर मागं बसून गेले. मी बाकावर बसले, ती झाडांमधल्या पायवाटेनं पळत सुटली. किती हलकी पावलं पडत होती तिची. तळ्यापलीकडे दिसली तेव्हा मी उठून उभीच राहिले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "अक्का, ती कोण तुमची?"

"सून माझी," मी जरा मोठ्यानंच म्हटलं. घरात असं कौतुकानं कधी म्हटलं होतं का मी? ती हलकी पावलं अजून डोळ्यांसमोर आहेत.

धापा टाकत येऊन तिनं विचारलं, "मग, बंद करू?"

"नको गं. मला बघायला येऊ दे."

तिनं स्कूटरची किल्ली काढली आणि मला मागं बसायला हात दिला.