परत विचारतील असं वाटलं

२० जाने. ०७, शनि., हॅम्बर्ग
हार्बरजवळच्या पोर्तुगीज हॉटेलांच्या गल्लीतलं चौथं हॉटेल आज झालं. ग्रिल्ड सार्डिन्स. काटे हातानेच काढले, शेजारचे आजोबा पण तसेच खात होते. सुशांत (पुणे ऑफिसमधून माझ्याबरोबरच आलेला) ब्रेड आणि ऑलिव्ह चघळत बसला. म्हणे, तू जेवायला येतेस की सर्व्हे करायला. नंतर पावसात फेरीने उगाच पलीकडे जाऊन आलो, कारण मला घरी जायचं नव्हतं.

स्पार्गेल म्हणजे पांढरं अस्पॅरॅगस एप्रिलमध्ये येतं. अख्खं शहर वेडं होतं म्हणे. आणि मी मार्चएंडला पुण्यात. निनादला तसंच सांगून आलेय, मार्चमध्ये परत, मग साखरपुडा. इथे एक्स्टेन्शनची कुजबुज चालू आहे. मिळावं. मिळावंच. निनादकडे अजून विषय काढला नाहीये. काढू. बघू.

२४ जाने., बुध.
टीममधल्या हायकेकडे जेवण. बटाटे, क्रीम, चीज, ओव्हनमधून डायरेक्ट टेबलवर, कडेला मस्त खरपूस. पहिल्यांदा लाजत थोडंसंच घेतलं. तिने अजून विचारलं तर म्हटलं नाही नाही, बास. आपण म्हणतो तसं. तर बाईने भांडं उचलून सरळ किचनमध्ये! मी बघतच राहिले. स्टेशनवर उभ्याने डोनर कबाब खाल्ला.
सुशांत: इथे एकदाच विचारतात, बाई. आग्रह पुण्यात.

२९ जाने., सोम.
बॉस, फ्राऊ ब्रांट, आज मला एकटीला लंचला घेऊन गेली. एल्बे नदीकाठी, माशाचं जुनं रेस्टॉरंट, पांढरे टेबलक्लॉथ. मला लगेच कळलं कशासाठी. शोल नावाचा चपटा मासा, वर बेकनचे तुकडे. दोन घास झाले नि तिने विचारलं, प्रोजेक्ट अजून वर्षभर आहे, तू राहशील का?

आणि मी काय म्हणाले? नो नो, माझ्यापेक्षा सीनियर लोक आहेत पुण्यात, त्यांना चान्स द्या, मी कशाला.

म्हणजे आता ती म्हणेल, छे, आम्हाला तूच हवीस. मग मी थोडी हसेन. मग हो.
ती म्हणाली, "शाडे." म्हणजे, वाईट झालं, एवढंच. मान हलवली आणि पुढे सुट्टीत ती कुठे जाणार ते सांगायला लागली.
घरी जाताना एस-बान लोकलमध्ये बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला. मासा कसा होता आठवतच नाही. मला!

३० जाने., मंगळ.
तिच्या केबिनवरून चार चकरा मारल्या. एकदा आत गेले आणि प्रिंटरबद्दल विचारून आले. मूर्ख.

३१ जाने., बुध.
फ्रा. ब्रां.ने पुण्याला मेल टाकली, दुसरं कोणीतरी पाठवा. निनाद त्याच ऑफिसात, त्याला कळायचं ते कळलंच. फोन आला. आवाज वेगळाच.
"तुला विचारलं आणि तू नाही म्हणालीस. खरं सांगू, मला वाटलं होतं तू मला सांगशील पण नाहीस, आणि राहशील."
मी नुसतं हं.
त्याने त्याच्या आईला पण सांगितलंय. काकू म्हणे आनंदाने रडल्या. काय सांगू आता, की ते ‘नाही’ तुमच्यासाठी नव्हतं हो, मी फक्त मॅनर्स दाखवत होते?
रात्री मॅगी. अर्धी टाकली.

३ फेब्रु., शनि.
ऑफिसची कोलफार्ट. थंडीत हातगाडीवर श्नाप्सच्या, म्हणजे कडक दारूच्या, बाटल्या घेऊन मैलोन्‌मैल चालायचं, मग गावाबाहेरच्या हॉटेलात ग्र्यूनकोल. ही एक पालेभाजी, तासन्‌तास शिजवलेली, वर सॉसेजेस, बाजूला साखरेत परतलेले बटाटे. दिसते भयानक, लागते अळूच्या जवळपास, धुरकट. चार दिवस धड जेवले नव्हते, आणि आता कोणी विचारलं की पटकन ‘या, या, बिटं’, म्हणजे हो, हो, प्लीज. तीनदा घेतलं. मग चौथ्यांदा पण.
जो सगळ्यात जास्त खातो तो राजा. डुकराच्या जबड्याचं हाड रिबिनीला बांधून माझ्या गळ्यात! सगळे टेबल बडवतायत. आणि नियम असा की पुढच्या वर्षीचं जेवण राजाने ठेवायचं.
सुशांतला राहवलं नाही. ही तर मार्चमध्ये चालली, म्हणाला. टेबल बडवणं थांबलं. हायके म्हणाली मग हाड परत घ्यावं लागेल, सगळे हसले, मी पण. डोळ्यात पाणी आलं ते मोहरीमुळे म्हणून सांगितलं.
फ्रा. ब्रां. कोट घालताना जवळ आली. मी बोलून टाकलं, की खरं तर मला राहायचं होतं.
ती बघतच राहिली. "मी तुला विचारलं. तू नाही म्हणालीस. मी अजून काय समजायला हवं होतं?"
रागाने नाही. तिला खरंच कळत नव्हतं.
मग म्हणाली, पुण्याचं नाव बुधवारी फायनल होतंय. त्याआधी काय ते स्पष्ट सांग.

४ फेब्रु., रवि.
फिशमार्केट. पाच प्रकारचे स्मोक्ड मासे चाखले, एकही पूर्ण नाही. निनादचा फोन घेतला नाही.
माझ्याऐवजी येणारा पोरगा म्हणे बाहेर जेवतच नाही. कुकर घेऊन येतोय.

६ फेब्रु., मंगळ.
केला निनादला फोन. सांगितलं सगळं. ते ‘नाही’ तुझ्यासाठी नव्हतं, मला वाटलं परत विचारतील.
मागे त्यांचा टीव्ही.
"मग मी आईला सांगितलं ते?"
मग त्यानेच पुढे विचारलं,
"तुला राहायचंय?"
हो म्हटलं. एवढं स्पष्ट मी आयुष्यात काही बोलले नसेन.
चिडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, मला आज विचार करू दे, उद्या ऑफिस सुटल्यावर करतो फोन. आणि ठेवला.

फ्रा. ब्रां.ला उद्या सकाळीच सांगायला हवं. त्याचं ऑफिस सुटेपर्यंत माझं उत्तर पुण्यात पोचलेलं असेल, त्याच्याच फ्लोअरवर. तो काय म्हणणार होता ते मला कळायच्या आधी.
उद्याचे कपडे काढून ठेवलेत. झोप नाही. भूक पण नाही.