लॅपटॉपमधली तुमची बाजू

आप्पा, रविवारी तुमची बाजू उघडली. लॅपटॉपमधली. चौदा वर्षं ती बंद होती, आणि बंदच राहिली असती तर बरं झालं असतं असं दोन दिवस वाटत होतं. तिसऱ्या दिवशी हे लिहायला बसले आहे. तुमच्यापर्यंत काही पोचायचं नाही हे मला कळतं, पण तुमच्याशी भांडायला दुसरी जागा उरलेली नाही.

तो लॅपटॉप माझ्या डिप्लोमासाठी घेतला होता, पण घरात आल्या दिवशीच तुम्ही त्याची वाटणी केलीत. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, स्वयंपाकघरात बसून, कारण अर्थिंग फक्त तिथल्या बोर्डालाच धड होतं. अर्धी डिस्क मला, अर्धी तुम्हाला. माझ्या अर्ध्यात विंडोज, मैत्रिणीकडून आणलेली फुकटातली कॉपी. ती तुम्हाला खपली नाही. "चोरीचं माझ्याच्यानं वापरवत न्हाई," म्हणालात आणि मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून स्वतःच्या अर्ध्यात लिनक्स बसवलंत. तुम्ही सिग्नल मेंटेनर, वायरी आणि रिलेमध्ये आयुष्य गेलेलं; आठ दिवसांत त्यात असे रमलात की आई म्हणायची, ह्यांनी मला सवत आणली. मशीन सुरू केलं की दहा सेकंद एक यादी दिसायची, कुणाची बाजू उघडायची ते निवडा. वरचं नाव तुमचं. मी चहाचा कप घेऊन येईपर्यंत दहा सेकंद संपायची आणि तुमची बाजू उघडून बसलेली असायची. माझा जीव नुसता वैतागायचा.

एकदा माझ्या अर्ध्यात जागा उरली नाही म्हणून मी माझे सिनेमे तुमच्या अर्ध्यात टाकले होते. तुम्ही ड्यूटीवरून आलात, बूटही काढले नाहीत आणि मला समोर उभं केलंत. ओरडला नाहीत. तुम्ही ओरडत नसायचातच, तेच जास्त लागायचं. म्हणालात, "दुसऱ्याच्या उभ्या पिकात मेंढरू शिरलं तर मेंढरू चुकत न्हाई, मेंढका चुकतो." सात पिढ्या मेंढरांमागे चाललेल्या घरातले तुम्ही पहिले नोकरदार. हद्दीचं तुम्हाला फार होतं. मी गुपचूप सिनेमे काढले, आणि ते वाक्य मात्र डोक्यातून कधी निघालं नाही. ते का सांगते आहे ते पुढे कळेल.

डिप्लोमा संपला त्या वर्षी पुण्याच्या कॉलेजात बंगलोरची एक कंपनी आली होती. आमच्या वर्गातल्या दोघींना घेणार म्हणाले, रुजू व्हायचं पत्र महिन्याभरात पोस्टाने घरी येईल. मी दौंडला येऊन पोस्टमनची वाट पाहत बसले. तो साडेअकराच्या सुमाराला यायचा. तुमची रात्रपाळी असली की त्या वेळेला तुम्हीच ओट्यावर बसलेले असायचात आणि मला म्हणायचात, जा, अंघोळ उरकून घे, आलं तर मी हाय. महिना गेला, दोन गेले. त्या दोघींत नसलेली, माझ्या मागच्या नंबरवरची मुलगी बंगलोरला गेली आणि मी राहिले. तुम्ही पाठीवर हात ठेवलात आणि म्हणालात, झालं ते बऱ्यासाठी झालं. मग आत जाऊन तुमच्या बाजूला टाइप करत बसलात. त्या टकटकीचा मला इतका राग आला होता की सांगता येत नाही.

त्याच रागात मी पुढच्या आठवड्यात माझं विंडोज पुसून नवं टाकलं, आणि सुरुवातीची ती यादीच नाहीशी झाली. मशीन सरळ माझ्या बाजूला उघडायला लागलं. तुम्ही विचारलंत, मी म्हटलं गेली तुमची बाजू. तुम्ही दोनदा विचारलंत, मग विचारायचं सोडलंत. एक लांबट वही आणलीत आणि तुमचे वडील, आबा, मेंढरं घेऊन फिरले त्या वाटेचं जे मशीनमध्ये लिहिलं होतंत, ते पहिल्यापासून हाताने लिहायला घेतलंत. चार पानं झाली. पाचव्या पानाआधी तुम्ही गेलात, दिवाळीनंतरच्या आठवड्यात, छातीत दुखतंय म्हणून नुसते आडवे झालात तेवढंच.

आता आई माझ्याकडे शिरूरला असते. मी सणसवाडीच्या कंपनीत स्टोअरला आहे, तेव्हा लागले ती आजपर्यंत. आईला हल्ली सकाळचं दुपारी आठवत नाही, पण जुनं लख्ख आठवतं. परवा भाजी निवडता निवडता म्हणाली, "तेंनी आबांच्या वाटेचं लिवलं व्हतं बघ त्या मशिनीत. मला वाचून दाव की एकदा." म्हणून ट्रंकेतून लॅपटॉप काढला. बॅटरी मेलेली, पण चार्जर लावल्यावर विंडोज उठलं. तुमच्या बाजूवर क्लिक केलं की ते विचारायचं, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करू का? त्या एका 'हो'ने किती जणांचं होत्याचं नव्हतं झालेलं मी कंपनीत पाहिलं आहे. नाही म्हटलं. आधी सगळ्या डिस्कची दुसऱ्या डिस्कवर नक्कल घेतली, कारण मूळ वस्तूवर पहिला हात चालवायचा नाही हे तुमच्याकडूनच शिकले. मग पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने मशीन सुरू केलं. तुमची बाजू दिसली, पण उघडेना. इतकी वर्षं पडून डिस्क खराब झालेली. कुठे काय ठेवलंय हे सांगणारी सुरुवातीची नोंदच वाचता येत नव्हती. त्या नोंदीच्या प्रती डिस्कवर पुढेही ठेवलेल्या असतात, सर्व्हिस बुकाचं पहिलं पान फाटलं तरी ऑफिसात दुसरी प्रत असावी तशा. तीन प्रती निकामी निघाल्या, चौथी लागली. तेवढ्यात तुमचं फोल्डर म्हणालं, परवानगी नाही. मालक तुम्ही होतात ना. मालक कुठे गेला ते मशीनला काय माहीत. परवानगी बाजूला सारून आत शिरले.

आबांची वाट सगळी आहे. कवठ्याच्या माळावरून निघालेली मेंढरं कुठल्या विहिरीवर पाणी प्यायली, कुणाच्या शेतात किती रात्री बसवली आणि खताच्या बदल्यात किती पायली बाजरी मिळाली, घाट कुठून उतरले, सगळं. मी आईला वाचून दाखवत होते आणि ती गावांची नावं माझ्या आधी सांगत होती. मध्येच एक ओळ आहे: 'आबा आठ महिने घरी नसत. मी दारात बसून वाट बघे. लांब गेलेलं माणूस परत येतं ते निराळंच येतं.' मला भरून आलं. तेव्हा अजून खालची फाइल उघडायची होती.

ती इंग्रजीत होती, माझ्या नावाने, बंगलोरच्या त्या कंपनीला. आपले पत्र मिळाले. घरगुती अडचणीमुळे मी रुजू होऊ शकत नाही. सुरुवात 'विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट', म्हणजे तुमच्या रजेच्या अर्जाची. जुन्याच अर्जावर तुम्ही नाव-गाव बदललं होतंत आणि बदली माणूस मागणारी शेवटची ओळ काढायची विसरला होतात: सबब माझ्या जागी रिलीव्हर द्यावा ही विनंती. एरवी मी पोट धरून हसले असते. आप्पा, त्यांनी दिलाच की रिलीव्हर. ती मुलगी गेली, आणि चौदा वर्षं मी स्वतःला तिच्यापेक्षा कमी समजत राहिले. कंपनीत बढतीची गोष्ट निघाली की दोन्ही वेळा मीच मागे सरले, कारण आपली लायकी एकदा ठरून गेली आहे असं मी धरून चालले होते. चोरीचं सॉफ्टवेअर तुम्हाला चालत नव्हतं. मुलीची सही चालली.

आईला विचारलं. तिने हातातली मेथी खाली ठेवली आणि म्हणाली, "व्हय, आलं व्हतं पत्र. पोरगी लांब गेली तर मला जगवायचं न्हाई म्हणले. मंग मी काय बोलू?" थोड्या वेळाने तिने मला विचारलं, मेथी का निवडायची राहिली. तिच्याशी काय भांडणार. भांडण तुमच्याशीच आहे, आणि तुम्ही आबांची वाट बघत दारात बसलेलं पोर होतात हे कळूनही ते मिटत नाही. तुमचं दुःख मला समजतं. ते माझ्या हद्दीत का घातलंत? मेंढका चुकतो म्हणालात ना? तुमचा न्याय तुम्हालाच लावते आहे, आणि माफ करत नाही. पुढे कधी केलं तर केलं, आज नाही.

हे पत्र मी तुमच्याच फोल्डरमध्ये ठेवणार आहे, त्या अर्जाच्या खाली. आईला हे वाचून दाखवणार नाही. पण तुम्हाला पिकात शिरलेला म्हणायचं आणि स्वतःचं झाकायचं, हे काही बरं नाही, म्हणून एक लिहून ठेवते. तुमची बाजू तेव्हा गेली नव्हती आप्पा. फक्त सुरुवातीची यादी पुसली गेली होती, डिस्क ठणठणीत होती. कॉलेजात असताना मैत्रिणीने अशी पुसलेली यादी माझ्यासमोर परत आणली होती, अर्ध्या तासात. तुम्ही वहीत ती चार पानं पुन्हा लिहीत होतात तेव्हा मी समोरच भाकरी थापत होते, आणि यादी परत आणणं मला येत होतं.